पाणी दिसतें तेथें छिद्र नसतें

परदेशीं राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून आम्हांस जीं पत्रें येतात, त्यांत गेल्या कांहीं वर्षांत एका वाहनाचा उल्लेख वरचेवर येऊं लागला आहे. त्यास तिकडे कॅम्परव्हॅन म्हणतात. मालवाहू व्हॅनच्या पोटांत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कपाटें आणि कधीं कधीं न्हाणीचा एक कोपरा बसवून केलेलें हें चाकांवरचें घर होय. जर्मनींतील व्होल्क्सवॅगन कंपनीनें १९५० सालीं आपली प्रसिद्ध व्हॅन काढली आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया या कारखान्यानें तिच्यांत संसार मांडून दाखविला; तेव्हांपासून युरोपांत या गाड्यांचा प्रघात वाढत गेला. आपल्या लोकांस ती मानवली याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. सुट्टींत चार माणसांनीं हॉटेलांत राहावयाचें तर पैसा पाण्यासारखा जातो, आणि शाकाहारी घरास दोन वेळां काय मिळेल ही विवंचना निराळीच. स्वयंपाकघरच बरोबर असलें म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतात.

परंतु ज्या घरास चाकें आहेत तेंहि अखेर घरच. आणि घर म्हटलें कीं गळती आलीच. गेल्या हिवाळ्यांत इंग्लंड व जर्मनी येथील तीन निरनिराळ्या कुटुंबांनीं आम्हांस एकाच दुखण्याविषयीं लिहिलें. एका भगिनींच्या गाडींत सिंकखालच्या कपाटांत पाणी सांचतें, दुसरीकडे कपड्यांच्या कपाटास आंतून काळी बुरशी येते, आणि तिसऱ्या एका गृहस्थांच्या गाडींत दाराजवळची जमीन पायाखालीं मऊ लागते. पाणी कोठून येतें तें कोणासच दिसत नाहीं. दुरुस्तीच्या कारखान्यांत विचारावें तर शोधण्यासच किती तास लागतील हें सांगतां येत नाहीं, आणि तासाचा दर ऐकून घरीं परतावें लागतें.

विषय लोखंडाचा व रबराचा आहे आणि आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, हें वाचक जाणतात. तरीहि आम्ही तो हातीं घेतों, कारण गळती शोधणें हें काम हातांचें कमी व अनुमानाचें अधिक आहे. बुजविण्यास अर्धा तास पुरतो. कारखाना जे पैसे मागतो ते बहुतेक शोधण्याचे असतात. आणि शोधण्यास जें लागतें तें म्हणजे सवड, शांतपणा व घरांतील तीनचार माणसें. या तिन्ही वस्तु कारखान्याजवळ थोड्या व एकत्र कुटुंबाजवळ भरपूर असतात. शिवाय असें एक प्रकरण आमच्या डोळ्यांसमोर घडलें आहे.

आमचे पुतणे मँचेस्टरजवळ राहतात. त्या शहरीं वर्षाकाठीं सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनहि कमी. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो. तिकडचा वर्षभर दारांत बसून असतो. गळतीच्या दृष्टीनें हा भेद महत्त्वाचा आहे. मोठी सर छपरावरून धांवत निघून जाते. झिमझिम मात्र सांध्यांत थांबते, वाट शोधते आणि ओलें झालेलें लांकूड वाळावयास अवसर देत नाहीं.

पुतण्यांनीं ही गाडी घेतली ती मुख्यतः आमच्या वहिनींसाठीं. वहिनींचें वय ७६. बाहेरचें अन्न त्या घेत नाहींत, म्हणून मुलासुनेबरोबर कोठें जाणें त्यांस घडत नसे. गाडी आली आणि त्यांनीं वेल्सचा किनारा पाहिला, लेक डिस्ट्रिक्टमधील सरोवरें पाहिलीं. मग मागच्या बिछान्याच्या डाव्या कोपऱ्यास ओल आली. गादीखालीं डाग पडला, डागास वास आला, आणि वहिनींचा दमा, जो दोन वर्षें निजला होता, तो जागा झाला. “तुम्ही जाऊन या, मी घरीं राहतें,” असें त्या म्हणूं लागल्या.

गाडी एका कारखान्यांत दाखविली. तेथील मनुष्यानें ओल पाहिली, मागची खिडकी पाहिली आणि निर्णय दिला : खिडकी काढून नवी बसवावी, आंतील फळ्या उतरवून बदलाव्या, मिळून १,९०० पौंड, इतकें करूनहि गळती थांबेलच अशी हमी देतां येत नाहीं. पुतण्यांच्या एका स्नेह्यांनीं निराळाच मार्ग सुचविला. डागावर नवी फळी ठोकावी, आंत सुगंधी फवारा मारावा आणि उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत गाडी विकून मोकळें व्हावें. हें ऐकून वहिनी एवढेंच म्हणाल्या, “अरे, ज्यांच्या गळ्यांत घालाल त्यांच्याहि घरीं माझ्यासारखें कोणी म्हातारें असेल.” तो मार्ग तेथेंच बंद झाला. उरला कारखाना, किंवा स्वतः शोध.

आतां कारखान्यांतील त्या मनुष्याचें अनुमान पाहूं. ‘ओल मागें आहे, म्हणून छिद्र मागच्या खिडकीस आहे.’ आमच्या वर्गांत कोणी असें म्हटलें असतें तर आम्हीं त्यास उभें करून हेत्वाभासाचे प्रकार विचारले असते. हा हेतु सव्यभिचार आहे. खिडकी फुटली तरी मागें ओल येईल, आणि खिडकी धड असून छपराचा पुढचा सांधा उघडला तरीहि मागें ओल येऊं शकेल; कारण या गाडीचें शरीर पोकळ असतें. बाहेर लोखंडी पत्रा, आंत पातळ फळी, आणि दोहोंच्या मध्यें आडवे-उभे वासे, विजेच्या तारा व उष्णता अडविणारी लोकर. छपरांतून शिरलेला थेंब पत्र्याच्या आंतल्या अंगास चिकटून, वाशाच्या पन्हळींतून किंवा तारेच्या अंगाखांद्यावरून दोन-तीन मीटर प्रवास करतो आणि जेथें वाट संपेल तेथें प्रकट होतो. म्हणून गळतीच्या कामांत पहिलें वाक्य हें लिहून ठेवावें, कीं पाणी दिसतें तें त्याच्या प्रवासाचें अखेरचें ठाणें असतें; प्रस्थान त्यानें कोठून केलें तें त्यावरून ठरत नाहीं.

प्रस्थान शोधण्यापूर्वीं पाणी कोणत्या जातीचें आहे तें ठरवावें. या गाडींत तीन जातींचें पाणी असतें : आकाशांतलें, टाकींतलें आणि श्वासांतलें. या तिसऱ्याचा विचार फार थोडे लोक करतात. बंद गाडींत दोन-तीन माणसें रात्रभर निजलीं कीं त्यांच्या श्वासाचें बाष्प थंड पत्र्यावर जमून पाण्याचे ओघळ होतात. त्यांत आंत शेगडी पेटविली तर विचारूंच नये. एक किलो प्रोपेन वायु जळला कीं त्यांतून दीड किलोहून अधिक पाणी बाष्परूपानें बाहेर पडतें. हें ऐकून आमच्या सूनबाईंचा प्रथम विश्वास बसेना, पण रसायनशास्त्राचें गणित तसेंच आहे. या जातीच्या पाण्याची खूण अशी, कीं तें एका कोपऱ्यांत सांचत नाहीं. थंड पहांटे कांचांवर, उघड्या लोखंडावर, गादीच्या खालच्या अंगास व बंद कपाटांच्या पाठीस सर्वत्र सारखें उमटतें, आणि गाडी रिकामी उभी असली कीं पाऊस पडूनहि येत नाहीं. ज्यांच्या कपाटास बुरशी येते त्यांच्या पत्रावरून आम्हांस हाच प्रकार दिसतो. त्यांनीं छपरास हात लावूं नये. निजतांना छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवावी, गादीखालीं फटी असलेल्या पट्ट्या घालून हवा खेळवावी, आणि चहा उकळतांना दार लोटून घेऊं नये.

आकाशाचें पाणी व टाकीचें पाणी यांची निवड करण्यास नैयायिकांचे अन्वय व व्यतिरेक हे दोन शब्द पुरे आहेत. एक पावसाचा आठवडा टाकी व नळ्या पूर्ण रिकाम्या ठेवून गाडी बाहेर उभी करावी. ओल आली, तर टाकी निर्दोष. मग एक कोरडा आठवडा, अथवा गाडी छपराखालीं ठेवून, टाकी भरावी व पंप चालू करावा. या वेळीं ओल आली, तर दोष नळ्यांत. दोन्ही वेळां आली तर दोन गळत्या आहेत असें समजावें. जुन्या गाडींत हेंहि असंभाव्य नाहीं. दाबावर चालणाऱ्या पंपाची आणखी एक परीक्षा रात्रीं होते. सर्व नळ बंद असले कीं तो गप्प राहिला पाहिजे. नळ कोणी उघडला नसतां तो मधूनच क्षणभर गुरगुरून थांबत असेल, तर बहुधा दाबाखालचें पाणी कोठें तरी निसटत आहे. क्वचित् पंपाच्याच आंतील झडप झिजलेली असते. सिंकखालीं पाणी सांचतें त्या भगिनींनीं पत्राच्या शेवटीं सहज लिहिलें आहे, कीं “रात्रीं पंप आपोआप वाजतो, त्याची मुलांस भीति वाटते.” त्यांचें उत्तर त्यांच्याच पत्रांत आहे. प्रत्येक सांध्याखालीं कोऱ्या कागदाची घडी ठेवून पंप तासभर चालू ठेवावा. जी घडी भिजेल तिच्या वरचा सांधा दोषी. बहुतेक वेळां नळीवरचा आंवळपट्टा सैल झालेला असतो आणि एका स्क्रूड्रायव्हरनें काम भागतें. पाण्यास साबणाचा वास असेल तर सांडपाण्याची नळी पाहावी, आणि निळी छटा असेल तर शौचकुपाच्या टाकींत घालतात तें औषध आठवावें.

येथें एक खोटी गळती सांगून ठेवितों. कित्येक गाड्यांत पाणी तापविण्याच्या बंबास अशी झडप असते, कीं आंतील थंडी सुमारें ३ अंशांपर्यंत उतरली म्हणजे ती आपोआप उघडून बंबांतील पाणी गाडीखालीं सोडून देते. पाणी गोठून बंब फुटूं नये म्हणून ही योजना. आदल्या सायंकाळीं भरलेलें पाणी सकाळीं जमिनीवर पाहून लोक घाबरतात व कारखान्याकडे धांवतात. गाडी आंतून ऊबदार झाल्यावर ती झडप पुन्हां बंद करावी, इतकाच त्यावर उपाय.

आमच्या पुतण्यांच्या गाडींत टाकी रिकामी असतांनाहि ओल आली. तेव्हां पाणी आकाशाचें, एवढें ठरलें. पुढचा धागा सांपडला तो सूनबाईंच्या वहींत. प्रवासांत कोठें मुक्काम केला, काय खर्च झाला, पाऊस होता कीं नव्हता, हें लिहून ठेवण्याची त्यांस संवय आहे; आणि ओल सुरू झाल्यापासून ‘कोठें ओलें’ हाहि एक रकाना त्यांनीं वाढविला होता. ती वही आम्हीं दोन रात्रीं वाचली. घरीं पाऊस पडला कीं मागचा डावा कोपरा ओला. वेल्समध्यें सपाट मैदानावर मुक्काम होता तेव्हां मागें कोरडें, पण सरकत्या दाराच्या वर थेंब. लेक डिस्ट्रिक्टमध्यें मात्र ड्रायव्हरच्या डोक्यावरील फळीवर पाणी. आम्हीं विचारलें, “घरापुढें गाडी कशी उभी करतां?” उत्तर आलें, “तोंड घराकडे, चढावर. शेपूट रस्त्याकडे, खालीं.” आणि लेक डिस्ट्रिक्टमध्यें? तेथें तोंड उतारावर होतें, कारण सरोवर समोर दिसावें असा वहिनींचा हट्ट होता.

न्यायशास्त्रांत उपाधि शिकवितांना ओल्या इंधनाचें उदाहरण देतात. अग्नि आहे म्हणून धूर असेलच असें नाहीं; इंधन ओलें असेल तरच असतो. येथें उतार हा उपाधि होता. पावसानें मागें ओल येते हें खरें नव्हतें. पाऊस पडतांना शेपूट खालीं असेल तर मागें ओल येत होती. तोंड खालीं असलें कीं तेंच पाणी पुढें जाई, आणि गाडी सपाट असली कीं जागच्या जागीं दाराशीं टपके. तेव्हां तिन्ही ओलींचा उगम एकच असावा, तो उंचावर असावा, आणि गाडीच्या डाव्या बाजूस मध्यभागीं असावा. मागची खिडकी, जिच्यासाठीं १,९०० पौंड मागितले होते, तिच्यांतून पुढच्या फळीपर्यंत पाणी चढून जाणें शक्य नव्हतें.

अनुमान झालें तरी प्रत्यक्ष हवेंच. एका कोरड्या शनिवारीं काम आरंभिलें. पुतणे बाहेर बागेंतील रबरी नळी घेऊन, सूनबाई आंत विजेरी घेऊन, नातू घड्याळ व वही घेऊन, आणि आम्ही छत्री घेऊन खुर्चीवर, असा थाट होता. वहिनी चहा पाठवीत होत्या. आंतील वरच्या कपाटांचे स्क्रू काढून तीं उतरविलीं, म्हणजे पत्र्याची आंतली बाजू दिसूं लागली, आणि वाशांच्या कडेनें वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटविल्या. वर्तमानपत्रावर एक थेंब पडला तरी तो लपत नाहीं.

पाणी मारण्याचा क्रम खालून वर असावा, हा या कामांतील मुख्य नियम आहे. प्रथमच छपरावर पाणी सोडलें तर तें खिडक्या, दारें, दिवे या सर्वांवरून वाहतें, आणि आंत थेंब आला तरी कोणाचा अपराध तें कळत नाहीं. खालच्या सांध्यापासून आरंभ करावा. एका जागीं दहा-पंधरा मिनिटें मंद धार धरावी. आंत कोरडें राहिलें तर वहींत तशी नोंद करून एक पायरी वर जावें. जोरदार फवाऱ्याचें यंत्र मुळींच वापरूं नये. त्यानें चांगल्या रबरांतूनहि पाणी आंत ढकललें जातें, म्हणजे जो अपराध कधीं घडला नाहीं त्याची साक्ष मिळते. शिवाय रबर बिघडतें तें निराळेंच.

दाराचें रबर कोरडें निघालें. बाजूची खिडकी कोरडी. मागची खिडकी पुतण्यांनीं रागानें पुरी वीस मिनिटें भिजविली; आंत कागद खुळखुळीत. मग शिडी लावून छप्पर. छपराची झांकणाची खिडकी तपासतांना बाकीच्या जागा प्लॅस्टिकनें झांकल्या. तीहि निर्दोष ठरली. उरले डाव्या कडेवरचे तीन लोखंडी कोने. या गाड्यांस उन्हापावसासाठीं गुंडाळतां येणारें कापडी छप्पर बाहेरून लावतात, तें या कोन्यांवर बसविलेलें असतें, आणि प्रत्येक कोन्याचा बोल्ट छपराच्या पत्र्यांतून आरपार जातो. पुढचा कोना कोरडा. मधल्या कोन्यावर पाणी धरल्यावर अकराव्या मिनिटास सूनबाईंनीं आंतून हांक मारली. पट्टीवर करड्या रंगाचा एक डाग वाढत होता.

हा अन्वय झाला. व्यतिरेकहि घ्यावयास पाहिजे, नाहीं तर शंका राहते. सर्व वाळूं दिलें, मधला बोल्ट चिकटपट्टीनें घट्ट झांकला आणि संपूर्ण छपरावर अर्धा तास पाणी सोडलें. एकहि पट्टी भिजली नाहीं.

बोल्ट काढून पाहतां भोंवतालचा जुना सीलंट एका अंगानें सुटलेला दिसला. सीलंट म्हणजे आपल्याकडील लुकणाचाच आधुनिक भाऊ. फरक इतका, कीं तो वाळल्यावरहि रबरासारखा लवचिक राहतो, आणि धांवतांना हिसके खाणाऱ्या गाडीस लवचिकपणाच हवा. छिद्राच्या कांठास गंज धरूं लागला होता. येथें घाई केली तर सर्व श्रम फुकट जातात. जुना सीलंट प्लॅस्टिकच्या पात्यानें खरवडून काढावा, लोखंडी पात्यानें नव्हे, कारण रंगास ओरखडा पडला कीं नवा गंज आलाच. गंज पॉलिशपेपरनें घांसून काढून गंजरोधक रंग द्यावा व तो पुरा वाळूं द्यावा. मग स्पिरिटनें पुसून, छिद्राभोंवतीं व बोल्टाच्या आट्यांवर नवा सीलंट लावून बोल्ट बसवावा, म्हणजे कडेनें तो सर्व बाजूंनीं सारखा बाहेर येतो.

कोणता सीलंट घ्यावा याविषयीं दुकानांत फार गोंधळ असतो. न्हाणीघरांत वापरतात तें सिलिकोन येथें घेऊं नये. त्यावर रंग बसत नाहीं, पुढें दुसरा सीलंटहि धरत नाहीं. आणि ज्याला वाळतांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्याच्यापासून लोखंड गंजतें. गाड्यांसाठीं म्हणून मिळणारा पॉलियुरेथेन जातीचा घ्यावा. तो हवेंतील दमटपणानेंच घट्ट होतो, पण दिवसास सुमारें तीन मिलिमीटर एवढ्याच गतीनें. तेव्हां संध्याकाळीं लावून सकाळीं प्रवासास निघूं नये. जो भाग पुढें पुन्हां काढावा लागेल, जसें छपराच्या खिडकीची चौकट, त्याच्याखालीं ब्यूटिल नांवाची काळीकरडी चिकटपट्टी बरी. ती कधींच कडक होत नाहीं.

बुजविण्याच्या भरांत एक अनर्थ होण्यासारखा असतो, तो येथेंच सांगितला पाहिजे. या गाडीच्या तळास, विशेषतः वायूची टाकी व शेगडी यांच्याखालीं, मुद्दाम छिद्रें ठेवलेलीं असतात. हा वायु हवेहून जड आहे. निसटला तर तो तळाशीं सांचतो आणि या छिद्रांवाटे बाहेर जातो. ‘येथून थंडी येते, येथून पाणी उडतें’ म्हणून तीं कोणी बुजविलीं, तर तो आपल्या मुलांबाळांच्या जिवाशीं खेळतो. तसेंच दारांच्या खालच्या कडेस व पुढच्या कांचेखालीं पाणी वाहून जाण्याच्या वाटा असतात. त्या बुजवावयाच्या नसतात, उलट पालापाचोळा काढून मोकळ्या ठेवावयाच्या असतात. ड्रायव्हरच्या पायाशीं आलेलें डबकें पुष्कळ वेळां याच तुंबलेल्या वाटांचें असतें. वायूच्या नळ्या व घरगुती दाबाची वीज यांस मात्र घरच्यांनीं हात लावूं नये. तेथें परवानाधारक मनुष्यास जे पैसे पडतील ते द्यावे.

छिद्र बुजलें म्हणजे रोग थांबला. रोगी बरा व्हावयाचा असतो. पत्रा व फळी यांच्यामधील कांचेची लोकर भिजली असेल तर ती वाळण्याची वाट पाहूं नये, काढून टाकावी. ती स्पंजासारखें पाणी धरून बसते. पुतण्यांनीं कोपऱ्यांतील लोकर काढली, बुरशी आलेली फळीहि काढली आणि हवेंतील दमटपणा शोषणारें यंत्र तीन आठवडे चालविलें. हें यंत्र दोन प्रकारचें मिळतें. थंड जागेंत कॉम्प्रेसरचें फारसें काम देत नाहीं, शोषक चाकाचें घ्यावें. लांकडाचा दमटपणा मोजण्याचें दोन सुयांचें छोटें उपकरणहि स्वस्त मिळतें. त्यावर १५ टक्क्यांपर्यंतचा आंकडा सामान्यतः निर्धास्त समजतात, २० च्या वर गेला तर चिंता करावी. मात्र सुया लोखंडास किंवा चंदेरी कागदास लागल्या तर आंकडा खोटाच फुगतो. आमच्या प्रकरणांत आरंभीं ३१ होता, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीं १४ झाला. सीलंट, रंग, नवी फळी, लोकर व हें उपकरण मिळून ११० पौंड लागले. यंत्र शेजाऱ्यांकडून आणलें होतें. वहिनी मे महिन्यांत पुन्हां लेक डिस्ट्रिक्टला जाऊन आल्या, आणि गाडी तोंड उतारावर करूनच उभी होती.

गाडी नवी असेल व हमीची मुदत चालू असेल, तर हमीपत्र वाचल्यावांचून एकहि स्क्रू काढूं नये. दमटपणाची वार्षिक तपासणी अधिकृत ठिकाणींच व्हावी अशी अट त्यांत पुष्कळदां असते, आणि घरीं केलेल्या दुरुस्तीनें पुढचा हक्क बुडूं शकतो. अशा वेळीं शोध आपण घ्यावा, सर्व लेखी व छायाचित्रांसह ठेवावें, आणि दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्यावी. ‘मधल्या कोन्याचा बोल्ट गळतो’ असें दाखवून दिल्यावर खिडकीचे पैसे मागण्याचें धैर्य कोणास होत नाहीं.

राहिले ते गृहस्थ, ज्यांच्या दाराजवळची जमीन मऊ लागते. त्यांनीं एका बारीक टोचणीनें ती फळी चार-पांच ठिकाणीं टोचून पाहावी. टोचणी वरच्यावर अडली तर वर सांगितल्याप्रमाणें गळती शोधून व वाळवून भागेल. परंतु ती लोण्यांत शिरावी तशी शिरत असेल, तर लांकूड कुजलें आहे, आणि फळीखालच्या वाशांपर्यंत कुज गेली असण्याचा संभव आहे. तें काम चांगल्या सुताराचें किंवा कारखान्याचें. त्यास पैसे पडतील. मात्र नवी जमीन घालण्यापूर्वीं गळती सांपडलेली असावी, आणि ती नळी, घड्याळ व वही घेऊन स्वतःच शोधावी. सरकत्या दाराच्या वरचें रबर व त्याच्याहि वरची छपराची कड येथून आरंभ करण्यास हरकत नाहीं. पण प्रथम गाडी घरापुढें कोणत्या अंगास कलून उभी असते तें आम्हांस कळवावें.